अर्ध्या गुणाची गोष्ट

गेल्या चाचणीत आम्ही नववीला विचारले होते, 'जमिनीखालच्या स्फोटातून कोणत्या भूकंपलहरी निघतात?' अपेक्षित उत्तर होते, 'फक्त प्राथमिक'. एका मुलीने लिहिले, 'मुख्यतः प्राथमिक', आणि आम्ही तिचा अर्धा गुण कापला. पालकहो, चूक आमची होती.

फळ्यावरचा खडक एकसंध असतो. त्यात स्फोट झाला की चहूकडे सारखाच रेटा बसतो, खडक दाबला जातो आणि प्राथमिक लहर निघते. खडकाला आडवे हलवणारी दुय्यम लहर उठायला काहीतरी घसरावे लागते, जसे भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवर घसरतात. खरा खडक मात्र भेगाळलेला असतो आणि त्या भेगांवर जमिनीचा ताण आधीपासूनच असतो. धक्का बसताच भेगांच्या कडा सरकतात, नव्या चिरा फुटतात, रेटा सगळीकडे सारखा राहत नाही. म्हणून दुय्यम लहरीही उमटतात. अमेरिकेत नेवाडातील ग्रॅनाइटमध्ये २०११ ते २०१६ या काळात रासायनिक स्फोटकांचे सहा स्फोट मुद्दाम करून हेच तपासले गेले. अगदी जवळच्या यंत्रांवरसुद्धा आडवी हालचाल नोंदली गेली.

एवढा कीस कशाला, असे कुणी म्हणेल. पण धक्का अणुचाचणीचा की भूकंपाचा, हे ठरवताना या दोन लहरींचे प्रमाणच पाहतात. ३ सप्टेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियाने केलेल्या चाचणीचा ६.३ तीव्रतेचा धक्का जगभरच्या केंद्रांनी टिपला. आपल्याकडे कर्नाटकात गौरीबिदनूरला १९६५ सालापासून अशा नोंदी घेण्याची सोय आहे. या कामात 'फक्त' या शब्दावर विसंबून चालत नाही.

आपण हैदराबादकर तर ग्रॅनाइटवरच राहतो, तोही सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. गोवळकोंड्याच्या टेकडीवर त्यातल्या भेगांत मुलांना बोटे घालून पाहता येतील. तरी आम्ही वर्गात खडू घेऊन एकसंध गोल काढत बसतो. विश्वस्त मंडळाने दर वर्षी एक सकाळ आणि एक बस द्यावी, अशी आमची विनंती आहे. तास बुडतात हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. हवे तर रविवारी नेऊ.

त्या मुलीला अर्धा गुण परत दिला आहे. तिने लगेच विचारले, "सर, आता माझा नंबर वर जाईल का?" नाही गेला.