गोव्यात शिकणं म्हणजे पार्टी?

आपल्या मंडळीतल्या एका मुलीला गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकायचंय. घरचे अडून बसलेत, "गोव्यात नुसतं पिणं नि नाचणं!" अहो, १९८५ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ बागा-कळंगुटच्या किनाऱ्यावर नाही, ताळगावच्या पठारावर आहे. जवळच दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. किनाऱ्यावर झिंगतात ते बहुतेक पर्यटक. विद्यार्थी गावागावांतून कदंबच्या बसनं वर्गाला येतात. पिणारा पोरगा हैदराबादेतही पितो, आणि (रागावू नका) आदिलाबादेतही. हिंदी सिनेमानं ख्रिस्ती माणसाच्या हाती कायम बाटली दिली, ते आपल्याला झोंबतं ना? मग त्याच सिनेमातला गोवा कसा खरा? मुलीला घेऊन एकदा जाऊन या, वसतिगृह नि मेसची चौकशी करा.
– एक वाचक, आदिलाबाद