जकातघर राखलें, वखारीचें काय?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील जुन्या बंदरभागास नवें रूप कसें द्यावें, याची चर्चा गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. तींत दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, साहेबाच्या खाणाखुणा जितक्या लवकर जातील तितकें बरें. दुसरा स्वतःस रसिक म्हणवितो. सुंदर इमारती राखाव्या व बाकीचीं गोदामें पाडून जागा मोकळी करावी, असें त्याचें म्हणणें. आमचें खरें भांडण या दुसऱ्याशीं आहे. इमारत म्हणजे तिची दर्शनी भिंत, ही समजूत आम्हां प्राध्यापकांनींच त्याच्या डोक्यांत भरली आहे.

टाऊन हॉलचे डोरिक खांब दाखवावयास आम्ही विद्यार्थ्यांना नेतों, १८३३ हें साल पाठ करवितों. पण शेजारच्या जुन्या जकातघराकडे मानही वळवीत नाहीं. तेथें पुढें जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आली. समुद्र एके काळीं त्याच्या पाठीशीं होता. भरावामागून भराव पडले आणि तो इतका दूर गेला कीं, हें बंदरावरचें घर असें सांगितल्यास मुलें हंसतात. बॅलार्ड इस्टेटीचें भाग्य निराळें. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईंतून निघालेला भराव घालून पोर्ट ट्रस्टनें १९१४ ते १९१८ या काळांत ती वसविली, आणि जॉर्ज विटेटनें तेथील इमारतींस एक उंची व एक धाटणी लावून दिली. नवें कस्टम हाऊसही तेथेंच. त्या रस्त्यांचें सौंदर्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या मालावर जकात बसली तो माल कोठें उतरला, कोठें राहिला, हें त्या दगडी कमानी सांगत नाहींत.

तें वखार सांगते. तिचें जोतें गाडीच्या साटीइतकें उंच असतें, कारण हमालाच्या पाठीवरचें ओझें पुन्हा खालीं-वर करावें लागूं नये. झरोके छताजवळ, वारा आंत यावा, पण पाऊस व चोर येऊं नये. छप्पर लोखंडी कैच्यांवर तोललेलें, म्हणजे मध्यें खांबांची अडचण नाहीं. कापसाच्या दोन खणांमधली भिंत जाड, कारण एकाची आग दुसऱ्यांत जातां कामा नये. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, तेव्हां कापूस व दारूगोळा एकाच बोटींत भरलेले होते. त्या दिवशीं मुंबईनें काय भोगलें तें वाचल्यावर या भिंतीकडे रुक्ष भिंत म्हणून पाहणें कोणास साधेल? जिच्यांत प्रत्येक हाताचा विचार प्रयोजनानें ठरला आहे ती रचना शिल्प नव्हे, आणि खिडकीवर चिकटविलेली फुलांची माळ मात्र शिल्प, हा न्याय आम्हांस कळत नाहीं.

सोलापुरांत बसून मुंबईच्या गोदामांची काळजी कशाला, असें आमचे एक वकील मित्र विचारतात. येथें आगगाडी १८६० सालीं आली, जुनी गिरणी १८७७ सालीं उभी राहिली, आणि हें गांव मुंबईच्या धक्क्याशीं बांधलें गेलें. १८९६ सालीं विलायती कापडावर बंदरांत साडेतीन टक्के जकात ठरली, तेव्हां मँचेस्टरच्या समाधानासाठीं तेवढाच कर आमच्या गिरण्यांच्या कापडावर बसविण्यांत आला; तो उठण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. जकातघराच्या टेबलावरील आकड्यानें येथल्या मागावरील कापडाचा भाव ठरत होता. म्हणूनच पहिल्या पक्षासही आमचें सांगणें आहे: हा अन्याय झाला याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हातानें कां पुसतां? शिवाजी महाराजांनीं १६६१ सालीं राजापुरास इंग्रजांची वखार लुटली, कारण परक्याचें बळ कोठें सांठतें हें त्यांना ठाऊक होतें. आपणांस तें आज ठाऊक नसावें हें नवल.

मुंबईनें १९९५ सालीं वारसा-नियम केले, ही गोष्ट स्तुत्यच. आतां त्यांच्या जोरावर निदान एक गोदाम तरी जोत्यासह, वजनकाट्यासह व दारापर्यंत आलेल्या रुळांसह राखावें, आणि त्यांत त्या मालाचा व त्या कराचा हिशेब लोकांस वाचतां येईल असा मांडावा, एवढी आमची मागणी आहे. तेथें उपाहारगृह मात्र काढूं नये.