कमरेला रिव्हॉल्व्हर, हळदीत डुकरं

हळदीत डुकरं शिरली की नरसीत कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, चांगलं डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घ्या." कशाला? चाप ओढला की घोडा आपोआप चढून सुटतो, काडतूस फुसकं निघालं तर परत ओढायचा, हे खरं. पण ती ओढ जड, नळी आखूड. अंधारात पळत्या डुकराला काय लागणार, डोंबल! १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणाला ठासणीची बंदूक लिहिलीय. कानपूरचं 'निर्भीक' २०१४ ला आलं तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होतं. तेवढ्यात तीन-चार एकराला झटका मशीन बसतं. जिवालाच धोका असेल, परवाना असेल, तर घ्या. पण चकाकी सोडा, घोडा चढवून सिलिंडर डुलतो का ते बघा.