वाऱ्याची वाट

डिसेंबर २०२४च्या अखेरीस हवा गुणवत्ता निर्देशांक २००च्या वर गेला, तेव्हा मुंबई महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व या भागांतली सगळी बांधकामे थांबवली. या शहरात बांधकाम थांबवण्याचा आदेश क्वचित निघतो, त्यामुळे तो निर्णय स्वागतार्हच होता. त्याआधी, ऑक्टोबर २०२३मध्ये पालिकेने नियमावली काढली होती: मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवे कापड, राडारोड्याच्या गाडीवर ताडपत्री, बाहेर पडताना चाके धुणे. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेत त्या वर्षी दिवाळीत राडारोड्याच्या वाहतुकीला मनाई केली.

हे नियम पाळले गेलेच पाहिजेत. पीएम-१० धूलिकणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ सांगते. पण काम संपले की पत्रे निघतात, कापड उतरते. इमारत मात्र पुढची पन्नास-साठ वर्षे तिथेच उभी राहते आणि आसपासचा वारा, ऊन, रात्रीची उष्णता बदलत राहते. परवानगी देताना याचा विचार फारसा होतच नाही.

मुंबईला दुपारी समुद्राकडून वारा येतो. उंच इमारतींची सलग रांग आडवी आली, की तो वरून निघून जातो आणि खालच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांचा धूर, उडालेली धूळ घुटमळत राहते. दिवसभर तापलेले काँक्रीट आणि डांबर रात्री उष्णता सोडतात, त्यात वातानुकूलन यंत्रांच्या गरम झोतांची भर पडते. झाड तोडले असेल तर सावलीही नाही आणि पानांतून हवेत जाणारा गारवाही नाही.

याची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे तर गोवंडी-मानखुर्दला जावे. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांसाठी हलवलेल्या कुटुंबांना नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लुभाई कंपाउंडमध्ये घरे मिळाली. दोन इमारतींमधले अंतर जेमतेम ३ मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवून दिले, की ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण जास्त आहे. झोपडी सोडून पक्क्या घरात आलेल्या माणसाला आपण हवाच नाकारली. हे नियमांत सूट देऊन झाले, याचा अधिक संताप यायला हवा.

आणि सूट देणे थांबलेले नाही. मोकळी जागा नियमापेक्षा कमी पडली, तर अधिमूल्य भरून ती उणीव माफ करून घेण्याची सोय मुंबईत आहे. पैसे पालिकेच्या तिजोरीत जमा होतात. गुदमरतो तो पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचा रहिवासी आणि शेजारची जुनी चाळ.

हाँगकाँगमध्ये जागेची टंचाई मुंबईपेक्षा कमी नाही. २००३च्या सार्स साथीनंतर तिथल्या सरकारला दाट वस्तीतल्या कोंडलेल्या हवेचा धडा मिळाला. २००६पासून तिथे मोठ्या सरकारी प्रकल्पांच्या आराखड्याबरोबर वायुवीजनाचे मूल्यमापन होते: इमारतींमध्ये फटी किती, त्या प्रचलित वाऱ्याच्या दिशेने आहेत का, रस्त्यावरच्या माणसाला झुळूक लागते का.

मुंबईत पुनर्विकासाचे मोठे प्रस्ताव मंजूर होण्याआधी हेच प्रश्न विचारले जावेत आणि उत्तरे जाहीर व्हावीत. वस्तीतल्या दोन इमारतींमधले अंतर पैसे घेऊन कमी करण्याची तरतूद तर ताबडतोब रद्द करावी, आणि त्याची सुरुवात पुनर्वसनाच्या इमारतींपासून व्हावी.