लांबटांग्या आजोबा
प्रोजेक्ट गंडल्यावर सगळ्यांसमोर 'चूक माझी, टीमची नाही' म्हणणारा बॉस तुम्हाला भेटलाय? नसेल, तर मेजर ह्यू सीग्रिमला भेटा.

१९४२मध्ये जपानी फौजांनी बर्मा, म्हणजे आजचा म्यानमार, घेतला. ब्रिटिश सैन्य भारताकडे हटलं. हा मात्र पूर्वेकडच्या डोंगरात मागेच राहिला. कारेन लोकांसारखे कपडे घालून, त्यांचंच जेवण जेवून त्याने गनिमी पथकं बांधली. उंची सहा फूट चार इंच! कारेन त्याला लाडाने लांबटांग्या आजोबा म्हणायचे. आजोबा होते जेमतेम तिशीतले.

१९४४च्या सुरुवातीला त्याच्या शोधात जपान्यांनी किमान २७० कारेन पकडले. अनेकांचे हाल केले, अनेकांना मारलं. तरी बाकीचे त्याला लपवत राहिले. मग निरोप आला: तू शरण ये, आम्ही सूड थांबवतो. मार्चच्या मध्यावर सीग्रिम स्वतःहून हवाली झाला.

रंगूनमध्ये त्याला आणि आणखी आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. यांनी फक्त माझे हुकूम पाळले, शिक्षा मला एकट्याला द्या, अशी त्याने विनवणी केली. साथीदार म्हणाले, आम्हीही याच्यासोबत मरू. त्याच सप्टेंबरमध्ये सीग्रिमला ठार केलं गेलं.

१९४६मध्ये त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. थोरला भाऊ डेरेक १९४३मध्येच ट्युनिशियात लढून गेला होता, व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी म्हणून.

शौर्य म्हटलं की आपल्याला धडाधड गोळ्या आठवतात. सीग्रिमचं सगळ्यात मोठं शौर्य मात्र डोंगर उतरून खाली येण्यात होतं. लपवणारे हात अजून होते, तरीही.