फांदीचा वार कोणता?

दिवाळी अंकात कचऱ्यावर लिहिणे म्हणजे पंगतीत बसून मोरीची चौकशी करण्यासारखे आहे, हे मला समजते. परंतु दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ज्या घरात झाडझूड होत नाही असे मराठी घर निदान माझ्या पाहण्यात नाही. आणि त्या झाडझुडीत निघालेला पाला, छाटलेल्या जास्वंदीच्या काटक्या, नारळाच्या वाळलेल्या झावळ्या यांचे पुढे काय करावे हे नेमके सांगू शकेल असा गृहस्थही मला अजून भेटायचा आहे. तेव्हा चकलीची बशी जरा बाजूला सारून वाचकांनी घटकाभर माझे भांडण ऐकून घ्यावे.

मी कल्याणच्या पुढे आणि कर्जतच्या अलीकडे राहतो. गाव कोणते ते सांगत नाही. सांगितले तर दोन-चार ओळखीची माणसे रागावतील. घर जुने आहे. पुढे हातभर अंगण, त्यात एक जांभूळ, दोन नारळ आणि बायकोच्या हौसेची फुलझाडे. या जूनमध्ये पहिल्याच वावटळीत जांभळाची एक दांडगी फांदी कुंपणावर आडवी झाली. सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी मोठ्या उमेदीने तिचे चार तुकडे करून दारात रचून ठेवले होते. गाडीवरचा मुलगा म्हणाला, “काका, हे आमच्यात येत नाही.”

“मग कोणात येते?”

“ते हापिसात विचारा.”

हापिसात विचारले. आरोग्य खात्याने सांगितले की झाडांचे सगळे उद्यान खात्याकडे असते. उद्यान खाते म्हणाले, आम्ही सार्वजनिक बागांचे. खासगी झाडाचे वृक्ष प्राधिकरणाकडे. वृक्ष प्राधिकरणाचा कारकून सज्जन माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितले, की झाड तोडायचे असेल तर परवानगीचा अर्ज त्यांच्याकडे करायचा, 1975 सालच्या कायद्याप्रमाणे. पण आपोआप पडलेल्या फांदीचा त्यांच्याशी संबंध येत नाही. म्हणजे झाड उभे आहे तोवर त्याला तीन-तीन वाली, आणि आडवे झाले की ते बेवारस! मी घरी आलो. आठ दिवसांनी एका हमालाला शंभर रुपये दिले आणि ‘हे घेऊन जा’ एवढेच म्हणालो. कुठे, ते विचारले नाही. कोपऱ्यावरच्या नाल्यात ती फांदी पुढे दोन पावसांत मला दिसली. कबूल करतो.

आता दुसरी बाजू. कार्तिकात आमच्याकडे पहाटे वारा पडलेला असतो आणि धूर वर चढत नाही, जमिनीलगत रांगतो. आमच्या आळीत झाडणारी बाई पाल्याचा ढीग करून त्याला काडी लावते. शेजारच्या घरात पंचाहत्तरीच्या आजी आहेत, दम्याने जेरीस आलेल्या. गेल्या वर्षी अशाच एका पहाटे त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले. परत आल्यावर मी त्या बाईंवर जे तोंड सोडले ते आठवून आता लाज वाटते. ती झाडूवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “काका, पाला गाडीत घेत नाहीत. ठेवला तर मुकादम बोलतो, जाळला तर तुम्ही बोलता. मग काय मी खाऊ का?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तिच्या मुकादमापाशीही नसणार, कारण त्यालाही कोणी काही सांगितलेले नाही.

कायद्यात मात्र सांगितलेले आहे. 8 एप्रिल 2016 रोजी केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम जाहीर केले. त्यांत प्रत्येक घरधन्याला बजावले होते, की बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवावा आणि स्थानिक संस्था वेळोवेळी ज्या सूचना देईल त्यांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. तो रस्त्यावर टाकू नये, जाळू नये, नाल्यात लोटू नये. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. नागरिकाने काय करू नये याची यादी अशी पक्की आहे. काय करावे, हे मात्र सगळे त्या ‘सूचना देईल त्यांप्रमाणे’ या शब्दांवर टांगलेले. माझी तक्रार या टांगलेल्या शब्दांपुरतीच आहे. सूचना आली नाही तर माणसाने फांदी सांभाळत बसायचे किती दिवस? आणि सूचना न देता दंड मागायचा, याला न्याय म्हणायचे का?

यावर साहेबलोकांचे उत्तर ठरलेले असते: “आम्ही सूचना दिली आहे. लोक वाचत नाहीत. लोकांना शिस्तच नाही.”

दिली असेलही. कचेरीच्या फळ्यावर, काचेच्या आत, गेल्या सालच्या निविदेच्या मागे. किंवा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. चौकातल्या फ्लेक्सवर द्यावी तर तिथे वाढदिवसाच्या मानकऱ्यांचे चेहरे इतके, की तारखेला जागा उरत नाही. आणि भाषा! ‘जैवविघटनशील’, ‘विलगीकरण’, ‘निर्मितीस्थान’, ‘निष्कासन’. पाल्याला पाला म्हणायला सरकारी लेखणी का लाजते, हे मला कधी कळले नाही. आमच्या झाडणाऱ्या बाईला ‘उद्यानजन्य हरित कचरा’ म्हणजे काय ते विचारा. ती म्हणेल, असेल काही साहेबांचे.

पूर्वी खेड्यात दवंडी पिटत. दवंडीवाल्याला लिहिता-वाचता येत नसे, पण काय आहे, केव्हा आहे, कुठे आहे, एवढे तीन शब्द तो चुकत नसे. ढोलके थांबले की चावडीपासून वेशीपर्यंत सगळ्यांना कळलेले असे.

लोकांना शिस्त नाही म्हणता, तर गणपतीच्या विसर्जनाला चला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत हार-दुर्वा, केवडा, पत्री सगळे पाण्यात जात असे. आज ठिकठिकाणी नगरपालिका ‘निर्माल्य कलश’ ठेवतात आणि माणसे रांगेत उभी राहून त्यात निर्माल्य टाकतात. कित्येक घरांतली लहान मुलेच वडिलांना आठवण करतात. हीच माणसे, हीच नगरपालिका, आणि जिन्नसही तोच: फूल आणि पान! मग इथेच कसे जमले? कारण शब्द घरातला आहे, दिवस पंचांगात आहे, जागा ठरलेली आहे आणि तिथे उभा असलेला स्वयंसेवक ‘इकडे या, आजी’ असे म्हणतो. अनंत चतुर्दशीला जे येते ते पुढच्या महिन्यात विसरायला लोक काही बेभान झालेले नसतात.

जाळण्याच्या सवयीबद्दलही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आमच्या ठाणे जिल्ह्यात भाताची रोपे टाकण्याआधी राब भाजतात. पाला, फांद्या, गवत, शेण यांचा थर वाफ्यावर पसरून पावसाआधी पेटवायचा. तण मरते, राख खताला येते. घरात चूल आणि न्हाणीत बंब, तेव्हा काटकी वाया जाण्याचा प्रश्नच नव्हता. झावळीचे हीर काढून खराटे होत. बदलापूरच्या, अंबरनाथच्या कुशीत ज्या वाड्या-पाड्यांच्या शेतांवर आज सात मजली इमारती उभ्या आहेत, तिथल्या माणसांना पाला पेटवणे हे पाप वाटावे तरी कसे? ते आजोबांचे काम होते. अशा माणसाला दंडाची पाटी दाखवण्याआधी कोणीतरी दारात येऊन सांगायला हवे, की बाबा, तेव्हा शेतात चार घरांत एक राब होता, आता एका आळीत चारशे बिऱ्हाडे आहेत, आणि धूर शेजारच्या आजीच्या छातीत जातो.

सांगायचे कोणत्या भाषेत, हाही आमच्याकडे पेचच आहे. उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, 1949 साली गावाला हे नाव मिळाले, 1996 साली महानगरपालिका झाली. पण पत्ता अजून ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. 2011 च्या खानेसुमारीत वस्ती 5,06,098. त्यांत सिंधी बोलणारे, मराठी बोलणारे, उत्तरेकडून आलेले. सिंधीच्या तर लिप्याच दोन: आजोबा अरबी वळणाची वाचतात, नातवाला वाचता आली तर देवनागरी. इथे नुसता मराठी कागद डकवून काय होणार? पण चालिहोचे चाळीस दिवस केव्हा सुरू होतात हे कॅम्पातल्या घराघरांत ठाऊक असते, त्यासाठी भिंतीवर काही चिकटवावे लागत नाही. तोंडी गेलेली गोष्ट लिपी विचारत नाही. घंटागाडीवर कर्णा आहे. रोज सकाळी तो एक गाणे इतक्या वेळा वाजवतो की माझ्या नातीला ते बाराखडीच्या आधी पाठ झाले. त्या गाण्याच्या शेवटी तीन भाषांत एक वाक्य घालायला कितीसा खर्च येईल? ‘उद्या बुधवार, उद्या पाल्याची गाडी.’ बस्स.

हे एकट्या गावाने करूनही पुरे पडायचे नाही. वालधुनी अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, नऊशे वर्षांहून जुन्या शिवालयाला वळसा घालते आणि उल्हासनगरातून कल्याणकडे उल्हास नदीला मिळते. वरच्या गावाने नाल्यात सोडलेल्या झावळीला हद्द कळत नाही. ती खालच्या गावाच्या पुलाखाली अडकते आणि पाणी खालच्या गावच्या घरांत शिरते.

पैसा नाही म्हणतील. पण घरपट्टीचे बिल कसे येते? माझ्या नावातली वेलांटीसुद्धा न चुकता, थकबाकीच्या व्याजासकट येते! त्या बिलाची मागची बाजू कोरी नसते, ती कलमांनी भरलेली असते. ती कलमे कोणी वाचत नाही. तिथे मोठ्या टाइपात चार ओळी छापा: पाल्याची गाडी कोणत्या वारी, फांदी किती लांबीची तोडून ठेवायची, जास्त असेल तर कोणाला फोन करायचा, घरीच खत करायचे तर कसे. माझी भाची इंग्लंडात असते. तिकडे बऱ्याच ठिकाणी बागेच्या कचऱ्याचा डबा वेगळा असतो, वर्षाची फी वेगळी भरावी लागते आणि थंडीत ती गाडी काही आठवडे बंदही असते. पण बंद केव्हा आणि सुरू केव्हा, याच्या तारखांचा तक्ता तिच्या फ्रिजवर लावलेला आहे. तिने त्याचा फोटो मला पाठवला. साहेबाच्या देशाचे कौतुक करण्याचा माझा स्वभाव नाही, परंतु तो तक्ता मी बराच वेळ बघत बसलो. आपल्याकडे तर भिंतीवर कालनिर्णय आधीच टांगलेले आहे; संकष्टी, एकादशी, दूधवाल्याचा खाडा सगळे त्याच चौकटींत लिहितो. एक पेन्सिलीची खूण आणखी करायला आमची तयारी आहे. वार तेवढा सांगा.

दिवाळी संपली की तुळशीची लग्ने येतील. मांडवाला ऊस लागेल, झेंडू लागेल, आंब्याचे डहाळे लागतील, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे अंगणाच्या कोपऱ्यात येऊन पडेल. झाडणाऱ्या बाईंना मी सांगून ठेवले आहे की काडी लावू नका, ढीग माझ्या आवारात ठेवा. आजींच्या खिडकीपासून लांब, जांभळाखाली, एक खड्डाही खणून घेतला आहे. पाला त्यात जाईल. उसाच्या कांड्या आणि डहाळ्या त्यात मावणार नाहीत. त्यांच्यासाठी मी गेल्या सोमवारी कचेरीत पुन्हा एक अर्ज दिला, पोचपावती घेतली. कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारले, “काका, हा नक्की कुठल्या खात्याला लावू?”