काळी माती मुंबईकडे नेऊ नका



कापूस-ज्वारीच्या गावांतली कितीतरी पोरे पोटामागे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे गेली. दिवाळीला येतात आणि परत जाताना गच्चीवर भाजी लावायची म्हणून गोणीभर काळी माती मागतात. माया समजते, पण हिशेब चुकतो.

आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. बदलापूरकडे पावसाळ्यात त्याच्या तिप्पट. शेतात ओल धरून कापूस तगवणारी हीच माती डब्यात गेली की पावसात नुसता चिखल आणि उन्हात ढेकूळ. भेगा पडल्या की मुळे तुटतात. शिवाय वजन! एक मीटर लांब-रुंद वाफ्यात चार बोटे जाडीची ओली माती म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. उल्हासनगरात मे 2021 मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. जुन्या घराच्या गच्चीवर वाफे घालायचेच नाहीत. खिडकीतले चार डबे पुरे.

मग लावायचे कशात? कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर सांगत आले, की पीक मातीपेक्षा कुजलेल्या पाल्यावर पोसते. 2002 साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच वाटेने स्वयंपाकघराचा ओला कचरा जिरवून भाज्या आणि फळझाडे उभी केली. तेव्हा डब्याच्या बुडाला भोके, वर वाळका पाला, उसाचे चिपाड, भाजीची देठे, आणि तिथलीच मूठ-दोन मूठ लाल माती. कुजायला दीड-दोन महिने द्यावेत. पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर टोमॅटो-मिरचीचा नाद सोडावा.

याला शेती म्हणू नये, त्याने कोणाचे घर चालत नाही. पण वालधुनी नदीत कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे गेले, रुळांकडेची भाजी गटाराच्या पाण्यावर वाढलेली लोकांनी पाहिली. लेकराच्या ताटात पडणारी पालेभाजी कुठल्या पाण्याची, ही धास्ती खरी आहे. आणि रोज पाणी घालून महिन्याने मेथीची एकच जुडी हाती आली, की बाजारात दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी जीभ जरा अडखळेलही.

तेव्हा यंदा मातीऐवजी घरचे मेथीचे बी आणि धने पुडीत बांधून द्या. धने पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून दोन फाका करायच्या, एवढे मात्र सांगून ठेवा.